त्वचेवरची पहिली दोन मिनिटे

मोहरी वायूचा थेंब अंगावर पडला तर पहिले काही तास काहीच होत नाही. आग नाही, खाज नाही, लालीही नाही. माणूस हात पुसतो, जेवतो, झोपतो. चार-सहा तासांनी त्या जागची कातडी लाल होऊ लागते, रात्रीतून चुरचुर वाढते आणि दुसऱ्या दिवशी पिवळसर पाण्याने भरलेले मोठमोठे फोड उठतात. खरी इजा मात्र पहिल्या काही मिनिटांतच होऊन गेलेली असते. इजा आधी आणि वेदना नंतर, हे मधले अंतर लक्षात घेतले की गेल्या शंभर वर्षांत या विषावर एवढे संशोधन का झाले आणि तरीही त्यावर अजून उतारा का नाही, हे कळू लागते.

नावात वायू असला तरी हा पदार्थ तेलकट द्रव आहे आणि मोहरीशी त्याचा संबंध फक्त वासापुरता. काहींना तो लसणासारखाही येतो. मधोमध गंधकाचा अणू, दोन्ही बाजूंना कार्बनच्या छोट्या साखळ्या आणि प्रत्येक साखळीच्या टोकाला क्लोरीन, एवढाच हा रेणू. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने तो पहिल्यांदा वापरला. १४ अंश सेल्सिअसच्या खाली तो गोठतो. छत्रपती संभाजीनगरमधल्या डिसेंबरच्या पहाटे तो थिजून पडेल आणि पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यात भराभर हवेत मिसळेल. त्याची वाफ हवेच्या पाचपटीहून जड असल्यामुळे ती खंदकात, तळघरात, नाल्याच्या पात्रात साचून राहते.

शरीरात शिरल्यावर हा रेणू काय करतो, ते सावकाश पाहू. पाण्याचा संपर्क आला की तो आपला एक क्लोरीन सोडून देतो आणि गंधकाभोवती तीन अणूंचे एक ताणलेले कडे तयार होते. हे कडे टिकत नाही. जवळ जो रेणू सापडेल त्याला ते चिकटते: प्रथिनांना, पेशीचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनला आणि सर्वांत घातक म्हणजे डीएनएला. डीएनएमधल्या ग्वानीन या घटकावर त्याचा विशेष रोख असतो. एक टोक चिकटल्यावर दुसऱ्या टोकाचा क्लोरीनही तसाच सुटतो आणि ते टोक समोरच्या धाग्यावरच्या ग्वानीनला धरते. पिशवीच्या चेनचे समोरासमोरचे दोन दाते कुणी एकमेकांना डकवून टाकावेत, तसे डीएनएचे दोन धागे तिथे अडकतात. पेशीला विभाजित व्हायचे तर हे धागे सुटे व्हावे लागतात. ते होत नाहीत आणि पेशी मरते. दोन्ही धागे असे सांधले जाण्याचे प्रमाण एकूण इजेत थोडेच असते, पण पेशीला ती दुरुस्त करणे सर्वांत अवघड जाते.

म्हणून ज्या पेशी सतत नव्याने तयार होतात, त्यांना हे विष सर्वाधिक छळते. त्वचेचा तळचा थर, डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, श्वासनलिकेचे अस्तर आणि हाडांतली मज्जा या त्या जागा. डोळे सर्वांत हळवे. ज्या बाधेने त्वचेवर फारसे काही दिसणार नाही, तेवढ्यानेही पापण्या सुजून डोळे मिटून जातात. बहुतेकांची दृष्टी काही दिवसांत परत येते, आणि हे रुग्णाला पहिल्याच तासात सांगणे हाही उपचाराचा भाग आहे, कारण आपण कायमचे आंधळे झालो या भीतीने माणसे कोसळतात.

घामाने भिजलेली, उबदार आणि पातळ कातडी जास्त भाजते. काख, जांघ, गुडघ्यामागची लवण, मान या जागा आधी जातात. उष्ण आणि दमट हवेत तेवढ्याच मात्रेत कितीतरी जास्त इजा होते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्तर क्वीन्सलँडमध्ये स्वयंसेवक सैनिकांवर झालेल्या चाचण्यांतून ठळकपणे पुढे आले. पण उन्हाळी प्रदेशातली त्वचा आणि मोहरी वायू हा प्रश्न त्याआधीच विचारला गेला होता, तोही आपल्याच माणसांच्या अंगावर. पोर्टन डाऊन या ब्रिटिश लष्करी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ १९३० च्या दशकात रावळपिंडीला आले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथे प्रयोग करत राहिले. भारतीय कातडीवर या विषाचा परिणाम गोऱ्या कातडीपेक्षा वेगळा होतो का, हे त्यांना पाहायचे होते. ब्रिटिश हिंदी फौजेतले शेकडो सैनिक त्यासाठी वायूच्या कोठडीत उभे केले गेले. काहींना गंभीर भाजले, काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कागदांवरून २००७ मध्ये ही हकिगत वृत्तपत्रातून बाहेर आली. या सैनिकांच्या पुढच्या आयुष्यात काय झाले, याचा पाठपुरावा त्या शास्त्रज्ञांनी केला नव्हता. आज आपल्याला माहीत आहे की या विषाचे सर्वांत वाईट परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात. ज्यांच्या अंगावरून ज्ञान काढले, त्यांनाच त्याचा उपयोग नाकारला, असे मी म्हणेन, आणि हे सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण मला दिसत नाही.

शुद्धीकरण, म्हणजे अंगावरचे विष लगेच काढून टाकणे, न करण्याची किंमत काय असते, याचा सर्वांत मोठा धडा इटलीतल्या बारी बंदरात मिळाला. मराठी वाचकाला हे बंदर वाटते तेवढे परके नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन इटलीत उतरली. तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव याच पलटणीचे. ती ज्या आठव्या फौजेत लढत होती, तिला रसद पुरवणारे मुख्य बंदर बारी होते.

२ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी जर्मन विमानांनी या बंदरावर हल्ला केला. तिथे नांगरलेल्या ‘जॉन हार्वी’ या अमेरिकी जहाजात मोहरी वायूचे सुमारे २,००० बॉम्ब गुप्तपणे आणलेले होते. जहाज फुटले, माहिती असलेले लोक त्यातच मेले आणि हे विष बंदरातल्या सांडलेल्या इंधन तेलात मिसळले. त्या तेलकट पाण्यातून खलाशांना बाहेर काढले गेले. त्यांना हुडहुडी भरली होती, म्हणून ओल्या कपड्यांवरच ब्लँकेट गुंडाळले, गरम चहा दिला आणि जास्त जखमी असलेल्यांकडे आधी लक्ष दिले. एरवी ही शुश्रूषा योग्यच होती. पण अंगावरचे तेल धुतले गेले नाही, कपडे उतरवले गेले नाहीत, आणि उबेने विष आणखी आत मुरत गेले. सकाळपर्यंत डोळे सुजले, अंगभर फोड आले. ‘बिस्टेरा’ या ब्रिटिश युद्धनौकेने तीसेक जणांना वाचवून तारांतोकडे नेले. तिथे पोहोचेपर्यंत वाचवणाऱ्या खलाशांनाच दिसेनासे झाले होते, नौका धक्क्याला लावणेही त्यांना कठीण गेले. मोहरी वायूने बाधित म्हणून ६२८ जणांची रुग्णालयात नोंद झाली आणि त्यांपैकी ८३ मेले. शहरातल्या नागरिकांची नीट मोजदादच झाली नाही.

अल्जीयर्सहून पाठवलेले अमेरिकी लष्करी डॉक्टर स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांनी वासावरून आणि जखमांच्या ठेवणीवरून हे विष ओळखले, तेही वरिष्ठ ते मान्य करायला तयार नसताना. कोण कुठे पोहत होता, कोण कुठल्या जहाजावर होता, याचा नकाशा मांडून विषाचे मूळ त्यांनी शोधले. आणखी एक गोष्ट त्यांनी बारकाईने टिपली: रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होत होत्या. तिचे पुढे काय झाले, तिकडे आपण वळणारच आहोत.

आता शुद्धीकरणाकडे. बारीच्या अनुभवातून निघणारी पहिली पायरी अगदी साधी आहे: कपडे उतरवा. विषाचा मोठा भाग कपड्यांवरच असतो. ते डोक्यावरून ओढून काढण्याऐवजी कापून काढणे चांगले, म्हणजे चेहऱ्याला लागत नाहीत. आणि काढणाऱ्याच्या हातात रबरी हातमोजे हवेत, तेही जाड, कारण पातळ हातमोज्यातून हा द्रव थोड्या वेळात आरपार जातो.

दुसरी पायरी म्हणजे त्वचेवरचा थेंब उचलणे. चोळायचे नाही, चोळले की तो पसरतो. इथे जगभरच्या सैन्यांनी दशकानुदशके वापरलेला पदार्थ आपल्याकडे प्रत्येक काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो: मुलतानी माती. तिचे बारीक कण तेलकट द्रव पटकन ओढून घेतात. माती टाकायची, क्षणभर थांबून झटकायची, पुन्हा टाकायची. पण माती विष शोषते, नष्ट करत नाही. झटकलेली माती तेवढीच विषारी असते आणि तिची विल्हेवाटही विषासारखीच लावावी लागते.

मग भरपूर पाणी आणि साबण. नुसते पाणी थोडे टाकले तर उलट थेंब पसरू शकतो. मोहरी वायू पाण्यात विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. जो अंश विरघळतो तो लवकर निष्प्रभ होतो, पण बाकीचा द्रव तळाशी बसतो आणि त्याच्यावर चिकट कवच धरून आत तसाच राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्रात बोर्नहोम बेटाजवळ रासायनिक दारूगोळा बुडवला गेला. त्यातले गोळे जाळ्यात येऊन कोळी भाजल्याच्या घटना त्यानंतर कित्येक दशके घडत राहिल्या. डोळ्यांना मात्र पाण्याशिवाय काहीच चालत नाही. ते तत्काळ, पहिल्या मिनिटातच धुवायला हवेत.

रसायनाने विष मोडायचे झाले, तर जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे क्लोरीन. ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर याच कामाची. ती गंधकावर हल्ला करून रेणू बिघडवते. जमीन, वाहने, अवजारे यांसाठी तिचा पाण्यात कालवलेला लगदा वापरतात. कोरडी पावडर थेट दाट विषावर टाकली तर एवढी उष्णता निर्माण होते की ते पेट घेऊ शकते आणि वाफही उठते. आणखी एक अडचण आहे. गंधकाला एक ऑक्सिजन जोडला गेला की मिळणारे संयुग फोड आणत नाही. जोर जास्त होऊन दोन ऑक्सिजन जोडले गेले, की नवे संयुग पुन्हा फोड आणणारे निघते. त्यामुळे ‘जितके तीव्र तितके चांगले’ हा हिशेब इथे चालत नाही. त्वचेवर तीव्र क्लोरीन तर नकोच, त्याने कातडी सोलवटते आणि विषाला वाट मोकळी होते.

या प्रश्नांवर भारतात सर्वाधिक काम झाले ते ग्वाल्हेरला. जिवाजीराव शिंदे यांनी १९४७ मध्ये तिथे एक औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा उभारली होती. तीच पुढे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेकडे गेली आणि आज ती डीआरडीई म्हणून ओळखली जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी सीसी-२ नावाचे क्लोरीन धरून ठेवणारे संयुग विकसित केले. टीसीएल पावडर उघडी राहिली तर हळूहळू निकामी होते, सीसी-२ साठवणुकीत टिकते. याच प्रयोगशाळेने डीआरडीई-०७ नावाचे संयुगही तयार केले. पेशीच्या डीएनएऐवजी विषाने आपल्यालाच चिकटावे, असा त्यामागचा विचार. उंदरांना ते विषबाधेच्या आधी तोंडाने दिले तेव्हा चांगले संरक्षण मिळाले. पण विष आधी लागले आणि औषध नंतर दिले तर काय, हा प्रश्न उरतोच, आणि रणांगणावर किंवा अपघातात नेहमी तसेच होते.

मराठवाड्यातल्या डॉक्टरांना विषबाधेचा दुसरा प्रकार चांगला परिचयाचा आहे. संभाजीनगरच्या घाटीसारख्या शासकीय रुग्णालयात कीटकनाशकाने बाधित शेतकरी येतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा साऱ्या राज्याला या धोक्याची जाणीव झाली. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या युद्धविषांच्या कुळातली आहेत. त्यांच्यावर अॅट्रोपीन आणि पीएएम ही औषधे आहेत आणि ती वेळेवर दिली तर माणूस वाचतो. मोहरी वायूवर असे एकही औषध नाही. मात्र दोन्हीकडे पहिले काम एकच: भिजलेले कपडे काढणे आणि अंग साबणाने धुणे. फवारणीनंतर घामट शर्ट तसाच अंगात ठेवून बांधावर भाकरी खाणारा शेतकरी बारीच्या खलाशांइतकाच धोक्यात असतो.

पहिली मिनिटे निघून गेली, तर डॉक्टरांच्या हाती काय उरते? भाजलेल्या रुग्णासारखी जखमांची काळजी, पण शिरेतून देण्याच्या द्रवाचा हात आखडता. आगीने भाजलेल्याला लागते तेवढे पाणी इथे लागत नाही आणि जास्त दिले तर फुप्फुसांत साचते. डोळ्यांत प्रतिजैविकाचे थेंब आणि पापण्यांच्या कडांना व्हॅसलीन, म्हणजे त्या एकमेकींना चिकटणार नाहीत. श्वासनलिकेतली मेलेली कातडी सुटून वाट अडवते, ती काढावी लागते. शुश्रूषा करणाऱ्यांची एक भीती मात्र अनाठायी आहे. फोडातल्या पाण्यात विष नसते, ते केव्हाच ऊतींशी बांधले गेलेले असते.

पहिल्या महायुद्धात या विषाने जखमी झालेल्या शंभरांपैकी दोन-तीनच मेले. म्हणून पुष्कळ काळ याला ‘लुळे करणारे’ अस्त्र मानले गेले. दीर्घकालीन परिणाम कळायला दुसऱ्या ठिकाणी पाहावे लागले. जपानमधल्या ओकुनोशिमा बेटावर १९२९ ते १९४५ पर्यंत विषारी वायूचा कारखाना होता. तिथल्या कामगारांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या कर्करोगाने झालेले ३३ मृत्यू त्यात नोंदले होते, तेवढ्या लोकसंख्येत एरवी जेमतेम एखादा अपेक्षित होता. इराणमध्ये तर हा प्रश्न आजही चालू आहे. इराकने १९८० च्या दशकातल्या युद्धात हे विष वापरले आणि २८ जून १९८७ रोजी सरदश्त या नागरी वस्तीवरही टाकले. इराणी डॉक्टरांनी या लोकांना वर्षानुवर्षे तपासले. कित्येकांच्या फुप्फुसांतल्या सर्वांत बारीक नळ्या हळूहळू बुजत गेल्या. काहींचे डोळे बरे झाल्यासारखे वाटून पुष्कळ वर्षांनी पुन्हा झडू लागले, पारदर्शक पडदा गढूळ झाला. कातडीची खाज तर रात्री झोपू देत नाही. सौम्य बाधा म्हणून घरी पाठवलेल्यांनाही नंतर फुप्फुसांचा त्रास झाला, हे या संशोधनाचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे फलित.

भारताने जानेवारी १९९३ मध्ये रासायनिक शस्त्रबंदीच्या करारावर सही केली. १९९७ मध्ये १,०४४ टन मोहरी वायूचा साठा जाहीर केला आणि मार्च २००९ पर्यंत तो पूर्ण नष्ट केला. जाहीर साठा संपवणारा तो तिसरा देश ठरला. असे साठे जाळून तरी संपवतात किंवा गरम पाण्यात जोराने ढवळून मोडतात आणि उरलेले सांडपाणी जिवाणूंकडून स्वच्छ करून घेतात. थोड्या पाण्यात जे घडत नाही, ते गरम पाणी आणि सततची ढवळाढवळ घडवून आणते.

आणि आता त्या पांढऱ्या पेशी. मोहरी वायूने मेलेल्या सैनिकांच्या मज्जेत पेशींचा दुष्काळ असतो, हे १९१९ मध्येच क्रुंबार दांपत्याने लिहून ठेवले होते. १९४२ मध्ये येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी गंधकाच्या जागी नायट्रोजन असलेले याच कुळातले संयुग लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिले. गाठी विरल्या. पुढे त्या परत आल्या आणि रुग्ण दगावला, पण रसायनाने कर्करोग मागे हटवता येतो हे सिद्ध झाले होते. युद्धामुळे हे काम १९४६ पर्यंत गुप्त राहिले. बारीचा अहवाल त्याला पूरक ठरला. १९५० च्या दशकात जर्मनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी या रेणूला असे रूप दिले की तो सुरुवातीला निष्क्रिय असतो आणि यकृतातून गेल्यावरच सक्रिय होतो. हेच सायक्लोफॉस्फामाइड.

संभाजीनगरमध्ये आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून तिथे रुग्ण येतात. स्तनांच्या आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगात जगभर दिल्या जाणाऱ्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइड मोडते. रुग्णाचे नातेवाईक केमोचे दुष्परिणाम विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर मिळते ते वरच्या वर्णनातलेच, फक्त मात्रा मोजलेली असते: केस गळतात, तोंड येते, सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी आधी मरतात, मग त्या गाठीतल्या असोत वा केसांच्या मुळातल्या. या काळात ताप ३८ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

या औषधाचा एक उपपदार्थ, अॅक्रोलीन, लघवीतून जाताना मूत्राशयाचे अस्तर भाजतो. म्हणून भरपूर पाणी प्यायला आणि लघवी न तुंबवायला सांगतात. मात्रा मोठी असेल तर सोबत मेस्ना देतात. तिच्यातला गंधक अॅक्रोलीनला मूत्राशयातच पकडून निरुपद्रवी करतो. विषाला चिकटायला दुसरे काहीतरी पुढे करायचे, ही डीआरडीई-०७ मागचीच कल्पना इथे रोज यशस्वी होते, कारण विष कधी येणार हे आधीच ठाऊक असते आणि मेस्ना वेळेवर देता येते.

घरी आल्यावरही काळजी लागते. केमोनंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या लघवीत आणि उलटीत औषधाचा अंश असतो. ती साफ करताना हातमोजे घालावेत, संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे, माखलेले कपडे आणि चादरी वेगळ्या धुवाव्यात आणि हे काम घरातल्या गरोदर बाईकडे देऊ नये. घरोघरी सासूचे, आईचे, नवऱ्याचे हे सगळे मुकाट्याने करणाऱ्या बायकांना हातमोज्यांची जोडी आणि दोन वाक्यांची समज कुणीतरी आठवणीने द्यायला हवी.